सर्कशीचा गल्ला कुणाचा?

मागच्या दोन भागांत आपण बँकेच्या कर्जाची फाइल आणि पापड-कुरडयांचं पॅकिंग यावर बोललो. आज विषय सर्कशीचा आहे. हसू नका. बचत गटाच्या ताया सर्कशीवर काय बोलणार, असं आमच्याही एकीला वाटलं होतं. पण शेवटपर्यंत ऐका, यात तारण आहे, करार आहे, उचल आहे आणि आपलं प्रदर्शनसुद्धा आहे.

झालं असं, की मागच्या महिन्यात फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघाची बैठक आटोपल्यावर शाळेच्या प्रोजेक्टरवर एक इंग्रजी सिनेमा लावला होता. नाव 'द ग्रेटेस्ट शोमन', २०१७ सालचा, पावणेदोन तासांचा. आपल्या हिंदी सिनेमासारखी त्यात गाणी आहेत, नाच आहेत, म्हणून भाषा कळली नाही तरी बाया बसून राहिल्या. एका ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी मध्ये मध्ये सिनेमा थांबवून सांगत होती. संपल्यावर तीन प्रश्न आले. हे सगळं खरं घडलं का? आपल्याकडे सर्कस कुणी आणली? आणि तिसरा प्रश्न एका ताईंनी उठता उठता विचारला, "दाढीवाल्या बाईला बघायला लोक पैसे मोजतात. मला कोड आहे, तर माझ्या हातचे पापड घेत नाहीत. हे कसं?"

तिसऱ्या प्रश्नाला त्या दिवशी कुणाकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज आधी पहिले दोन घेऊ.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगतो. फिनियास बार्नम नावाचा अमेरिकेतला एक गरीब शिंप्याचा मुलगा. मोठा होतो, श्रीमंताच्या मुलीशी लग्न करतो, नोकरी जाते. मग तो एक जुनं संग्रहालय विकत घेतो आणि लोकांनी हिणवलेली माणसं तिथं गोळा करतो. बुटका माणूस, दाढी असलेली बाई, खूप उंच माणूस, झुल्यावर कसरत करणारी बहीण-भावाची जोडी. त्यांचे खेळ चालतात, पैसा येतो. मग बार्नमला मोठ्या लोकांत मान हवासा वाटतो, तो एका प्रसिद्ध गायिकेच्या मागं लागतो, स्वतःच्या कलाकारांना विसरतो. शेवटी संग्रहालय जळतं आणि हीच माणसं त्याला पुन्हा उभं करतात, तंबूतली सर्कस सुरू होते. गाणी सुरेख आहेत, त्यात वाद नाही.

आता खरं काय ते बघू. बार्नम खरा माणूस होता, १८१० मध्ये जन्मला आणि १८९१ मध्ये वारला. पण त्याने सर्कस काढली तेव्हा तो तरणाबांड नव्हता, साठीला आला होता. १८७१ साली त्याची सर्कस फिरू लागली. त्याआधी बरीच वर्षं त्याचं संग्रहालयच चालत होतं. आणि सर्कस हा प्रकार काही त्याने शोधला नाही. तो सुरू झाला लंडनमध्ये, १७६८ साली. फिलिप ॲस्ले नावाचा घोडदळातला माजी सैनिक पळत्या घोड्यावर उभं राहून कसरती दाखवायचा. त्याच्या लक्षात आलं की घोडा सरळ पळाला तर स्वाराचा तोल जातो, पण गोल फिरत राहिला तर स्वार आत कलून नीट उभा राहू शकतो. आपण खळं बघितलेलं आहे. मधे तिवडा, भोवती बैल गोल फिरताहेत. तसंच समजा, फक्त बैलाच्या जागी घोडा आणि त्याच्या पाठीवर माणूस. ते रिंगण ४२ फुटांचं ठरलं, आणि सर्कशीचं रिंगण आजही साधारण तेवढंच असतं. पुढे घोड्यांच्या खेळांमधल्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून विदूषक आले, दोरीवरचे कसरतपटू आले.

सिनेमात एक प्रसंग आहे, तो बघून आमच्या गटातल्या हिशेबनीस ताई खुदकन हसल्या. बार्नम बँकेकडून कर्ज घेतो आणि तारण म्हणून समुद्रात बुडालेल्या जहाजांचे कागद देतो. प्रत्यक्षात काय झालं ते याहून मजेदार आहे. बार्नमच्या आजोबांनी तो लहान असताना त्याच्या नावावर एक जमीन केली होती. घरातले सगळे त्याला म्हणायचे, तू तर गावातला मोठा जमीनदार. दहा-बारा वर्षांचा झाल्यावर तो ती बघायला गेला, तर नुसती दलदल. चिखल, डास आणि झुडपं. १८४१ साली संग्रहालय घेताना पैसे नव्हते, उधारीवर घ्यायचं होतं, तेव्हा त्याने हीच दलदल तारण म्हणून दाखवली. आपल्याकडे तलाठ्याचा सातबारा लागतो, वर बँकेचा माणूस शेत बघायला येतो, ते उगीच नाही. (आणि तरीही नवऱ्याच्या नावावरची जमीन बायकोच्या कर्जाला चालत नाही म्हणून किती जणी अडल्या, ते आपल्याला माहीत आहे. तो विषय पुन्हा कधीतरी.)

इथपर्यंत बार्नम हुशार आणि बिलंदर वाटतो. पण सिनेमाने एक गोष्ट पार गाळली आहे, आणि ती गाळायला नको होती असं आम्हाला वाटतं. बार्नमचा धंदा संग्रहालयापासून सुरू झालाच नाही. १८३५ साली त्याने जॉइस हेथ नावाच्या एका काळ्या, गुलाम, आंधळ्या आणि लुळ्या पडलेल्या म्हातारीला पैसे देऊन आपल्या ताब्यात घेतलं. ही बाई १६१ वर्षांची आहे, अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांना हिनेच लहानपणी सांभाळलं, अशी जाहिरात केली आणि गावोगाव तिचे खेळ लावले. लोक तिकीट काढून तिला बघायचे, हात लावून बघायचे. पुढच्या वर्षी ती मेली. तेव्हा ती खरंच एवढी म्हातारी होती का, हे बघायला तिच्या देहाची चिरफाड लोकांसमोर केली गेली आणि त्यालाही तिकीट होतं. अर्धा डॉलर. डॉक्टरने सांगितलं, वय फार तर ऐंशी.

पुढे हाच बार्नम राजकारणात गेला आणि गुलामीच्या विरोधात, काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काच्या बाजूने बोलला. तेही खरं आहे. माणूस एकाच रंगाचा नसतो. पण ज्या बाईच्या जिवावर पहिला गल्ला भरला तिचं नाव सिनेमात नाही.

दुसरं उदाहरण बुटक्या माणसाचं. सिनेमात तो जाणता तरुण आहे. खऱ्या आयुष्यात चार्ल्स स्ट्रॅटन बार्नमकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता. जाहिरातीत वय अकरा लावलं, कारण चार वर्षांचं पोर बुटकं असणारच, त्यात नवल काय? पगार आठवड्याला तीन डॉलर. मुलगा हुशार निघाला, नकला, गाणी, नाच सगळं शिकला, इंग्लंडच्या राणीसमोर खेळ करून आला आणि मोठेपणी चांगला श्रीमंत झाला. आणि ऐका, १८५५ नंतर बार्नम एका घड्याळाच्या कंपनीला जामीन राहून पार बुडाला, तेव्हा त्याला सावरायला हाच बुटका धावला. त्याच्याबरोबर परदेशात खेळ केले, पैसा उभा केला. जामीनकी कशी बुडवते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता गायिकेचं. सिनेमात जेनी लिंड बार्नमवर भाळते आणि तो नकार देतो म्हणून दौरा सोडून जाते. तसं काही घडल्याचा पुरावा नाही. जेनी लिंड ही स्वीडनची मोठी गायिका, स्वतःचा भाव पक्का ओळखणारी बाई. १८५० साली तिने बार्नमशी करार केला तो असा: एका रात्रीच्या गाण्याचे १,००० डॉलर, असे १५० कार्यक्रम, साथीदारांचे पैसे वेगळे, आणि ही सगळी रक्कम आधी लंडनच्या पेढीत जमा. एकूण १,८७,५०० डॉलर. तोपर्यंत ती जहाजात चढली नाही. अमेरिकेत गर्दी लोटली, तेव्हा तिने करार पुन्हा करून नफ्यात वाटा मागितला आणि तो मिळाला. नव्वदेक कार्यक्रम झाल्यावर, ही बाजारबुणगी जाहिरातबाजी नको म्हणून, करारातली अट वापरून ती रीतसर बाहेर पडली. कमाईतला मोठा भाग शाळांना आणि दानधर्माला दिला. आम्हाला विचाराल तर हीच बाई या गोष्टीतली सगळ्यात शहाणी. आणि सिनेमावाल्यांनी तिला प्रेमभंग झालेली दाखवून ठेवलं! जाता जाता सांगतो, पडद्यावर दिसणाऱ्या नटीचा तो आवाजही नाही, गाणं दुसरीच गायिका गायली आहे. आपल्याकडच्या पार्श्वगायनासारखं.

आता दुसरा प्रश्न, आपल्याकडे सर्कस कुणी आणली.

कसरत आपल्याकडे आधीपासून होतीच. डोंबारी, कोल्हाटी ही माणसं पिढ्यान् पिढ्या दोरीवर चालत आली आहेत. गावाच्या चौकात बांबूच्या कैच्या रोवायच्या, दोर ताणायचा, बाप ढोलकं वाजवणार आणि सात-आठ वर्षांची पोर हातात काठी घेऊन वरून चालणार. आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यांना तिकीट नव्हतं. खेळ झाल्यावर थाळी फिरायची, ज्याला द्यायचं तो देई, बाकीचे आधीच सटकत. सर्कशीत कसरत साधारण तीच, पण भोवती कनात आली, दारावर माणूस बसला आणि पैसे आधी घेतले. आमच्या मते सर्कशीचा शोध म्हणजे निम्मा तरी तो दारावरचा माणूस.

मराठी माणसाच्या सर्कशीची सुरुवात होते विष्णुपंत छत्रे यांच्यापासून. सांगली जिल्ह्यातलं अंकलखोप त्यांचं गाव. तरुणपणी गाणं शिकायचं म्हणून ते ग्वाल्हेरला गेले. तिथं हद्दू खाँ या थोर गवयाकडे गाणं शिकले आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे घोड्याची विद्या. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे घोड्यांचं काम बघू लागले. १८७९ च्या अखेरीस कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. ती बघायला छत्रे आणि कुरुंदवाडचे राजे गेले. पुढची गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगतात. कियारिनी म्हणाला, हिंदुस्थानात असे घोडेस्वार नाहीत, तुम्हाला सर्कस जमायला अजून खूप वर्षं लागतील. छत्र्यांना ते लागलं. त्यांनी पैज घेतली आणि थोड्याच महिन्यांत, १८८० साली, मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पैजेचा आकडा जो तो वेगळा सांगतो, ते सोडून देऊ. एवढं पक्कं, की आपल्या लोकांनी आपल्या लोकांना घेऊन चालवलेली ही पहिली मोठी सर्कस, आणि भांडवल संस्थानिकाच्या आधाराचं.

छत्रे स्वतः घोड्यावरचे खेळ करत. त्यांच्या पत्नी झुल्यावर कसरत करत आणि जनावरांनाही शिकवत. थांबा, हे वाक्य पटकन पुढे जाऊ देऊ नका. १८८० चा काळ. बामणाघरची सून. बाई उंबऱ्याबाहेर आली तरी बोलणी बसत, त्या काळात ही बाई हजार लोकांपुढे उंच झुल्यावर लोंबकळते आहे, जनावरांच्या पिंजऱ्याशी उभी आहे. तरी बऱ्याच लिखाणात तिचा उल्लेख 'छत्र्यांची पत्नी' एवढाच येतो. पुढे बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांच्या सर्कशीत सुशीला सुंदरी नावाची बाई हातात काही न घेता वाघाच्या पिंजऱ्यात जायची. तिचं निदान नाव राहिलं.

छत्र्यांची सर्कस गावोगाव, प्रांतोप्रांत फिरली. १८८७ च्या सुमारास ती केरळात तलश्शेरीला पोचली. तिथं कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे व्यायामाचे आणि कळरी विद्येचे गुरू होते. छत्र्यांना कसरतपटू हवे होते, त्यांच्याकडे शिकलेली मुलं होती. दोघांचं जमलं. १९०१ साली त्या गुरूंनी सर्कशीची शाळाच काढली. पुढे देशभरच्या सर्कशींत इतकी केरळी माणसं दिसायची त्याचं मूळ हे. इकडे सांगली-मिरजेच्या भागात देवल, कार्लेकर अशा एकामागून एक सर्कशी निघाल्या. एकाचं बघून दुसरा, जसं एका गावात शेवयांचं मशीन आलं की चार गावांत येतं.

पण आम्हाला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच, आणि कुणी मराठीत सर्कशीचा गाण्यांचा सिनेमा काढणार असेल तर तो इथून सुरू करावा. छत्र्यांचे गुरू हद्दू खाँ वारले. त्यांचा मुलगा रहिमत खाँ. आवाज असा, की पुढे लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. पण बाप गेला, भाऊ गेला, आणि या माणसाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. अफूचं व्यसन जडलं. बनारसच्या रस्त्यांवर ते भिकाऱ्यासारखे फिरत होते. छत्र्यांची सर्कस तिकडे गेली तेव्हा त्यांनी आपल्या गुरूच्या मुलाला ओळखलं आणि बरोबर घेतलं. मग सर्कस जिथं जिथं जाई, तिथं रहिमत खाँही जात. गावात दिवसा घोडे, हत्ती, झुले आणि कधी रात्री खाँसाहेबांची बैठक. तंबूत वाघाची डरकाळी आणि बाजूला ख्याल. विचार करून बघा.

विष्णुपंत १९०५ साली गेले. त्यांच्यामागं भाऊ काशिनाथपंतांनी सर्कसही चालवली आणि खाँसाहेबांनाही सांभाळलं. १९२२ मध्ये रहिमत खाँ वारले ते कुरुंदवाडलाच. त्यांचं गाणं ऐकून अब्दुल करीम खाँ यांची गायकी बदलली असं जाणकार सांगतात, आणि अब्दुल करीम खाँ म्हणजे हिराबाई बडोदेकरांचे वडील. हिराबाई तिकीट लावून, लोकांसमोर बसून मानानं गाणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही बायकांपैकी एक.

यात छत्र्यांचा उपकार किती आणि व्यवहार किती, हा प्रश्न आम्हाला पडतोच. खाँसाहेबांच्या नावाने गर्दी होत असणार, ती सर्कशीच्याही कामी येत असणार. पण रस्त्यावरच्या माणसाला मरेपर्यंत छप्पर आणि मान मिळाला, हे जॉइस हेथच्या वाट्याला आलं त्याहून फार वेगळं आहे.

आणखी एक धागा आहे. पुण्याचे दामू धोत्रे, जन्म १९०२ चा. मामांच्या सर्कशीत लहानपणीच शिरले, वाघ-बिबटे-सिंह यांना शिकवण्यात नाव काढलं, आणि १९४० साली अमेरिकेत ज्या सर्कशीत गेले तिच्या नावात बार्नमचं नाव होतं. रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली. म्हणजे सिनेमातल्या त्या माणसाच्या सर्कशीत एक पुणेकर बिबट्यांना खेळवत होता. ती सर्कस मे २०१७ मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा सिनेमा आला. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण जनावरांशिवाय. आपल्या देशात वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांचे खेळ करायला १९९८ च्या सरकारी आदेशाने बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जनावरांच्या बाजूने बघितलं तर बरंच झालं, असं आमच्यातल्या बहुतेकींचं मत. एक आजी मात्र म्हणाल्या, "हत्ती नाही तर सर्कस कशाची?"

जनावरांनंतर लेकरांचं. हे जरा नीट ऐका, कारण हे आपल्या दाराशी आहे. सर्कशीत पुढे पुढे नेपाळकडून आणि गरीब भागांतून लहान मुली आणल्या जात. आईबापाच्या हातात थोडी रक्कम ठेवायची, कागदावर अंगठा घ्यायचा आणि पोर काही वर्षांसाठी सर्कशीची. मधेच सोडायचं म्हटलं तर ती रक्कम व्याजासकट परत द्या. आपल्याकडे याला शब्द आहे. उचल. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता घेणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एका संस्थेने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सरकारला सांगितलं. २०१६ साली बालकामगारांचा कायदा बदलला, त्यातही हे आलं आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला अटी पाळून, शाळा न बुडवता सिनेमात किंवा मालिकेत काम करता येतं, पण सर्कशीत नाही. कायद्यात सर्कशीचं नाव घेऊन तसं लिहिलं आहे. तेव्हा कुणी येऊन तुमच्या पोरीला 'कलाकार' करतो म्हणाला आणि आधी पैसे पुढं केले, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. फुकट लागतो.

आता राहिला तिसरा प्रश्न.

सिनेमात एक प्रसंग आहे. बड्या लोकांची मेजवानी चालली आहे. बार्नमचे कलाकार नटूनथटून दारात येतात आणि तो स्वतः त्यांच्या तोंडावर दार लावून घेतो. तेव्हा ती दाढीवाली बाई गायला लागते आणि सगळे तिच्या मागे चालू लागतात. 'धिस इज मी' असं त्या गाण्याचं नाव, म्हणजे 'ही अशी मी आहे'. भाषा न कळता आमच्या बाया त्या गाण्याला रडल्या. पण कोड असलेल्या आमच्या ताई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तिला बघायला लोक दुरून येतात, तिकीट काढतात आणि घरी जातात. तिच्या हातचं जेवायचं असतं तर आले असते का?

आमच्या बैठकीत यावर अर्धा तास बोलणं झालं. बघायला लोक कशालाही येतात. जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघायलाही येतात. बघणं म्हणजे आपलं मानणं नव्हे. खऱ्या बार्नमकडे ॲनी जोन्स नावाची दाढी असलेली मुलगी होती, तिला तान्ही असतानाच लोकांपुढे मांडलं होतं. मोठी झाल्यावर तिने एक गोष्ट लावून धरली, की आम्हाला 'विचित्र प्राणी' म्हणायचं बंद करा. तिला टाळ्या मिळत होत्या, पैसा मिळत होता, तरी तिला तेवढं पुरलं नाही.

कोडाबद्दल एकदा सरळ सांगून टाकतो. कोड हा चामडीचा रंग जाण्याचा आजार आहे. तो शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, पापड लाटल्याने तर नाहीच. डॉक्टर हे सांगून थकले. तरी मागच्या वर्षी शहरातल्या एका प्रदर्शनात आमच्या गटाला टेबल मिळालं, तेव्हा तिथल्या व्यवस्थेतला एक माणूस येऊन म्हणाला, "या ताईंना जरा मागं बसवा, गिऱ्हाईक बिचकतं." पापड त्यांनीच लाटलेले. मिरगुंडं त्यांचीच. आमच्यापैकी दोघी त्याच्याशी भांडल्या, आणि ताई मात्र शांतपणे खोके उघडत राहिल्या.

सिनेमानंतरच्या बैठकीत एकीने सुचवलं, की यंदा ताईंना अगदी पुढं बसवू, बघू कोण काय म्हणतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई म्हणाल्या, "म्हणजे मला दाखवायला बसवणार का? आधी एकाने मागं बस म्हटलं, आता तुम्ही पुढं बस म्हणता. मला कुणी विचारलं का?" मग विचारलं. त्या म्हणाल्या, "मला गल्ल्यावर बसायचंय. हिशेब मला येतो, सुट्टे पैसे माझ्याकडून चुकत नाहीत. माल देण्याघेण्याचं तुम्ही बघा. पावतीवर सही माझी राहील."

तसा ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या झाल्या. प्रत्येक सभासदाच्या नावापुढे तिचं काम आणि तिचा वाटा किती, हेही या वेळी त्याच पानावर लिहिलं. पापड लाटणारीचा वेगळा, वाळवणाचं राखण करणारीचा वेगळा, विकायला जाणारीचा वेगळा. आधी सगळ्या मालाचे पैसे एकत्र करून सारखे वाटत होतो, त्यात लाटणारीला कमी पडत होतं अशी कुरबुर होतीच. जेनी लिंडचं नाव आमच्या एका ताईंनी त्या दिवसापासून 'आगाऊ पैसेवाली बाई' असं ठेवलं आहे, आणि दुकानदाराला माल द्यायच्या आधी निम्मी रक्कम मागायची असं तिच्या नावावर ठरलं. दोन दुकानदार कबूल झाले, एक अजून कुरकुरतो आहे.

पुढच्या भागात आपण हा वाटा कसा काढायचा, हजेरी आणि वजन या दोन्हीचा मेळ कसा घालायचा, ते हिशेबाची वही समोर ठेवून बघू. वही-पेन घेऊन बसा. आणि तुमच्या गावात, कर्णपुऱ्याच्या किंवा पैठणच्या यात्रेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सर्कस बघितली असेल, तर त्यांना विचारून आम्हाला फोनवर सांगा. त्यातही झुल्यावरच्या, दोरीवरच्या बायांचं काही आठवत असेल तर नक्की सांगा. नाव आठवत असेल तर नावासकट.